काल काय खाल्लं?

माझ्या खोलीच्या दारावर 'आहारतज्ज्ञ' अशी पाटी होती. ती वाचून निम्मे लोक जेवणाचं कुपन मागायला आत यायचे. उरलेल्यांपैकी बरेचसे घरचा डबा वॉर्डात नेऊ द्या म्हणून भांडायला यायचे. खरा रुग्ण आलाच, तर तो दारातूनच विचारायचा, "मॅडम, भात बंद ना?" वर्ध्याजवळच्या एका मोठ्या दवाखान्यात मी नोकरीची सगळी वर्षं काढली आणि नुकतीच निवृत्त झाले. एवढ्या काळात एक गोष्ट मला लोकांच्या डोक्यातून काढता आली नाही. मी म्हणजे खाणं बंद करणारी बाई, हे त्यांनी पक्कं ठरवून टाकलं होतं. खरं तर माझं अर्धं आयुष्य लोकांनी काहीतरी खावं म्हणून त्यांच्या विनवण्या करण्यात गेलं.

काम सांगायला सोपं आहे. माणूस समोर बसवायचा आणि विचारायचं, "काल सकाळी उठल्यापासून काय काय खाल्लं?" 'तुम्ही काय खाता' असं मात्र कधी विचारायचं नाही. त्या प्रश्नाला लोक घराण्याची इभ्रत सांभाळून उत्तर देतात. "सगळं खातो मॅडम, घरचं दूधदुभतं हाये, कायची कमी नाई." काल म्हटलं, की माणूस आठवायला लागतो, आणि आठवता आठवता खरं बोलून जातो. सकाळी चहा-टोस्ट, दुपारी लग्नात बुंदी, संध्याकाळी भूक नव्हती म्हणून पुन्हा चहा. दूधदुभतं त्या चहापुरतंच असतं.

जीवनसत्त्वांना आपल्याकडे लोक 'ताकदीच्या गोळ्या' म्हणतात. तशी ताकद त्यांत नसते. ताकद असते भाकरीत, वरणात, तेलात. पण चुलीत लाकडं कितीही रचली तरी काडी ओढल्याशिवाय ती पेटत नाही. जीवनसत्त्वाचं काम त्या काडीसारखं आहे. लागतं अगदी चिमूटभर, पण ते नसेल तर ढीगभर अन्न असून शरीराची कामं अडतात. प्रत्येकाचं काम वेगळं. 'ए' कमी पडलं तर अंधारात दिसेनासं होतं, 'डी' नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम हाडांपर्यंत पोचत नाही, 'बी-बारा' संपलं तर रक्त आणि नसा दोन्ही खंगतात. 'डी' अंगावर ऊन घेतलं की कातडीत तयार होतं. बाकीची बहुतेक मात्र ताटातूनच यावी लागतात.

आणि जास्त म्हणजे चांगलं, असंही नाही. नालवाडीचे एक निवृत्त हेडक्लार्क होते. गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरांनी त्यांना 'डी'ची पुडी आठवड्यातून एकदा घ्यायला सांगितली होती. बरं वाटायला लागलं, तेव्हा साहेबांनी विचार केला, की आठवड्याला एका पुडीनं एवढा गुण, तर रोज घेतली तर जवानीच परत येईल. आले ते ओकाऱ्या, मरणाची तहान आणि असंबद्ध बडबड घेऊन. रक्तातलं कॅल्शियम भलतंच वाढलं होतं, मूत्रपिंडं संकटात होती. शुद्धीवर आल्यावर माझ्यावरच डाफरले, "अहो मॅडम, विटॅमिन हाये ते, जहर थोडी हाये!" मग त्यांना समजावलं, की 'बी' आणि 'सी' जास्त झालं तर बरंचसं लघवीवाटे निघून जातं, पण 'ए' आणि 'डी' अंगातल्या चरबीत साठून बसतात. ते बरे झाले आणि नंतर बाहेरच्या बाकावर बसून दुसऱ्यांच्या हातातल्या पुड्या तपासू लागले. त्यांना तिथून उठवणं हे एक वेगळंच काम होऊन बसलं.

वडनेरच्या गुरुजींची गोष्ट मात्र हसण्यावारी नेता येत नाही. गावाच्या दोन पिढ्यांना पाढे शिकवलेला हा माणूस, त्याला स्वतःच्या नातवाचं नाव आठवेना. वय झालं, म्हणून घरच्यांनी सोडून दिलं होतं. दवाखान्यात आणलं ते खोकल्यासाठी. तिथं त्यांच्या बायको सहज बोलून गेल्या, "रस्त्यानं चालता चालता ह्यायची चप्पल पायातून निसटते न, ह्यायले पत्ताच नसते. मीच मागून उचलून आणते." ते ऐकून डॉक्टरांनी हातातला कागद खाली ठेवला. पायाला चप्पल आहे की नाही हे कळत नसेल, तर बिघाड नुसता डोक्यात नाही, नसांत आहे.

गुरुजी पक्के शाकाहारी. त्यात काही वर्षांपूर्वी दूधही सोडलेलं, आणि पित्ताची गोळी रोजची. 'बी-बारा' पालेभाजीत नसतं, डाळीत नसतं. ते दुधात, अंड्यात, मांसमच्छीत असतं, आणि पित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तर मिळेल तेवढंही अंगी लागत नाही. रक्तात ते जवळजवळ संपलं होतं. इंजेक्शन ठरलं, तर गुरुजींनी हात मागे घेतला.

"हे कायपासून बनते? मांसातून काढत असतीन तर मले नोको. मरन आलं तरी चालते."

"गुरुजी, हे सूक्ष्म जिवाणू तयार करतात," मी म्हटलं. "गाईच्या पोटातसुद्धा तेच तयार करतात, म्हणून दुधात उतरतं. कारखान्यात त्या जिवाणूंकडूनच करून घेतात. कुठला प्राणी मारावा लागत नाही."

स्मरणशक्ती गेलेल्या त्या माणसानं बराच वेळ विचार केला आणि शर्टाची बाही वर सारली. काही महिन्यांत नाव आठवू लागलं, हिशेब जमू लागला, वर्तमानपत्र वाचून ते सरकारला नावं ठेवू लागले. पायांची जाणीव मात्र परत आली नाही. नसा फार दिवस उपाशी राहिल्या, तर सगळंच भरून येत नाही. एखाददोन वर्षं आधी कुणी त्यांना 'काल काय खाल्लं' असं विचारलं असतं तर, असं मला आजही वाटतं. पुढं ते यायचे तेव्हा त्यांच्या बायको दोन पावलं मागूनच चालत यायच्या, चप्पल उचलायला.

पण ज्या रुग्णासाठी हा लेख लिहायला बसले, ती खुशी. अल्लीपूरची, सहा वर्षांची.

थंडीचे दिवस होते. तिचे वडील गजानन तिला भाड्याच्या गाडीत, गोधडीवर आडवी ठेवून घेऊन आले. उचलून घेता येत नव्हती, कारण पायांना कुणाचा हात लागला की ती किंचाळायची. दोन्ही पाय गुडघ्यात दुमडून, बेडकासारखे बाहेर पसरून ती पडून होती. दिवाळीआधी लंगडायला लागली, मग उभी राहीना, मग बसेना. एकानं हाडाचा टीबी सांगितला होता, दुसऱ्यानं रक्ताच्या कॅन्सरची शंका काढली होती. गावातल्या एकानं पाय ओढून बसवायचा प्रयत्न केला, आणि त्यानंतर तर ती माणूस जवळ आलं तरी रडू लागली. बोलायची फारसं नाहीच. नाव घेऊन हाक मारली तरी बघायची नाही.

बालरोग विभागात तेव्हा डॉ. इंगोले नावाच्या तरुण डॉक्टर होत्या. त्यांनी खुशीचे ओठ हळूच वर केले आणि हिरड्या पाहिल्या. जांभळ्या, सुजलेल्या, दातांवर चढलेल्या. पिंढऱ्यांवर केसांच्या मुळाशी रक्ताचे बारीक ठिपके. एक्स-रे पाहून त्या माझ्या खोलीत आल्या.

"मॅडम, मला जे वाटतंय ते मी फक्त पुस्तकात पाहिलंय. चुकत असेन तर बरंच. एकदा हिच्या खाण्याचं विचारून सांगता?"

मी वॉर्डात गेले. खाटेजवळ खुशीची आई वैशाली आणि आजी, म्हणजे वैशालीच्या सासूबाई; त्यांना ती आईच म्हणायची. उत्तरं आजींकडून येत होती. ताठ कण्याची, स्वच्छ बाई.

"काल काय खाल्लं हिनं?"

"घरी होती तवा सगळं खाये. वरन-भात, पोळी, भाजी. ताट सफा करते पोरगी. आमच्या घरी कायची कमी हाये? आंगनात लिंबाचं झाड हाये, आंब्याचं लोनचं हाये. खायले नाई म्हून बिमार पडली, असं कोनी नाई म्हनू शकत."

आजी खोटं बोलत नव्हत्या. एवढ्या वर्षांत ते ओळखू यायला लागतं. पण वैशाली खाली मान घालून पलंगाच्या लोखंडी दांडीवर नखानं रंग खरवडत होती. मी म्हटलं, "वैशाली, खुशीचं दूध गरम करायचंय. तिला कसं लागतं ते दाखवायला चल जरा."

रुग्णांच्या स्वयंपाकघरात दुधाचं पातेलं गॅसवर ठेवलं. ती भिंतीला टेकून पातेल्याकडं बघत उभी राहिली. मग म्हणाली, "मॅडम, तुम्ही आईले सांगसान का?"

"काय सांगणार?"

"थे काईच खात नाई. बिस्किट अन् दूध. बस, तेवढंच."

"आणि वरणभात?"

"ताट मी वाढते तिच्यापुढं. आई बाहेर गेल्या का मीच खाऊन टाकते. ताट सफा दिसलं का आईले वाटते, पोरीनं खाल्लं."

किती दिवसांपासून, तर दोन पावसाळे झाले होते. पूर्वी ती थोडं थोडं खायची. मग एकेक वस्तू सुटत गेली. ओलं नको, पिवळं नको, आंबट तर जिभेला लागलं तरी उलटी. बिस्किटही एकाच जातीचं, गोल, फिकट रंगाचं. पुड्याचा रंग बदलला तरी तिला चालायचं नाही. जबरदस्ती केली तर श्वास कोंडायची.

"सगळे म्हनतात मायनं लाडावून ठेवली," वैशाली म्हणाली. "मी लाड नाई केले, मॅडम. मी तिले मारलंसुद्धा. मारलं तरी नाई खाल्लं तिनं. तवापासून मारनं सोडून देल्लं अन् ताट मीच खायले लागली."

दूध उतू गेलं. ती घाईघाईनं गॅस पुसायला लागली. मी तिला पुसू दिलं. तिला हाताला काहीतरी काम हवं होतं.

डॉ. इंगोलेंना जाऊन सांगितलं आणि त्यांची शंका खरी ठरली. 'सी' जीवनसत्त्वाचा अभाव. स्कर्व्ही. जुन्या काळी महिनोन्महिने समुद्रावर राहणाऱ्या खलाशांना व्हायचा, तो रोग अल्लीपूरच्या सुपीक काळ्या मातीतल्या घरात, दारी लिंबाचं झाड असलेल्या घरात येऊन बसला होता. शरीराच्या पेशींना, रक्तवाहिन्यांना, हिरड्यांना बांधून धरणारे जे धागे असतात ते विणायला 'सी' लागतं. ते मिळालं नाही, की जुने धागे झिजतात आणि नवे नीट तयार होत नाहीत. हिरड्यांतून रक्त येतं, हाडावरच्या पातळ आवरणाखाली रक्त साचतं. खुशीचे पाय लुळे पडलेले नव्हते. ते इतके दुखत होते, की ती त्यांना हलवत नव्हती. बिस्किटात 'सी' नसतं. दुधात जे किंचित असतं तेही उकळताना जातं.

त्याच दिवशी सलाईनमधून 'सी' सुरू झालं. औषध साधं आणि स्वस्त. पण मला पुढचं दिसत होतं. औषधानं पाय बरे होतील, घरी जाऊन पुन्हा बिस्किट आणि दूध, आणि वर्षभरात पुन्हा तीच गोधडी. घरच्या खाण्याबद्दल घरातल्या मोठ्या माणसालाच अंधारात ठेवून हे निभणार नव्हतं.

"मी सांगणार नाही," मी वैशालीला म्हटलं. "तूच सांग. मी बाजूला बसते."

दोन दिवस तिनं काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी आजींना कळलं ते वेगळ्याच प्रकारे. नर्सनं 'सी'ची गोळी कुटून थंड दुधात घातली. खुशीनं एक घोट घेतला, पेला दूर ढकलला आणि मग दूधच सोडलं. साधं दूध दिलं तरी तोंड फिरवू लागली. आजी म्हणाल्या, "दूध नाई तर नाई, वरनभात द्या न तिले! घरी खाये न!" आणि त्यांनी स्वतः ताटातला घास कालवून तिच्या तोंडाजवळ नेला. खुशी अशी ओरडली, की सगळा वॉर्ड वळून बघायला लागला.

"आई, नोका देऊ," वैशाली म्हणाली. "थे कधीच खात नव्हती. मी खात होती तिचं ताट."

आजींचा हात तसाच राहिला. पहिल्यांदा त्या चिडल्याच. "माह्याशी खोटं बोलली तू? मी साऱ्या गल्लीत सांगून राह्यली, का माही नात ताट सफा करते!" आजींनी माझ्याकडे पाहिलं, गजाननकडे पाहिलं. मग आवाज खाली आला.

"एवढी भेत होती तू मले?"

आजी उठल्या, हात धुऊन आल्या आणि खुशीच्या पायाशी बसल्या. तिला न शिवता, नुसती चादरीची सुरकुती सरळ करत राहिल्या.

डॉ. इंगोलेंनी त्या सगळ्यांना एकत्र बसवून सांगितलं, की खुशी हट्टी नाही आणि लाडावलेलीही नाही. तिची वाढ थोडी वेगळी आहे, तिला स्वमग्नता असावी. पुढं तपासण्या होतील. आपल्याला साधा वाटणारा वास, रंग, ओलेपणा तिला सहन होत नाही. वैशालीनं दोनदा विचारलं, "म्हंजे माह्या हातानं नाई झालं न?" दोन्ही वेळा डॉक्टर 'नाही' म्हणाल्या. दुसऱ्यांदा सांगितल्यावर तिच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरल्यासारखं वाटलं.

मी आजींना 'सी'चं सांगत होते. ओघात म्हटलं, की गाय, कुत्रा, शेळी हे प्राणी ते स्वतःच्या अंगात तयार करतात, माणसाला तेवढं जमत नाही. आजी म्हणाल्या, "म्हंजे बकरी बरी आपल्यापेक्षा!" वैशाली खुदकन हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला हसताना पाहिलं.

आता प्रश्न होता, खुशीला काय चालेल? तिला आवडणारं होतं ते असं: गोल, फिकट, कोरडं, कुरकुरीत. संत्रं बाद, लिंबू बाद, आवळा तर बादच. मी दिवसभर तेच घोकत होते आणि संध्याकाळी घरी जाताना रस्त्यात जामाची गाडी दिसली. आमच्याकडं पेरूला जाम म्हणतात. अर्धवट पिकलेला जाम आतून पांढरट, करकरीत, जवळजवळ कोरडा, आणि 'सी' म्हणाल तर संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त. दुसऱ्या दिवशी मी दोन जाम घेऊन वॉर्डात गेले.

"हे तिला खाऊ घालायचं नाही," मी आजींना बजावलं. "बिस्किटासारखे गोल तुकडे करायचे, बिया काढायच्या आणि बिस्किटाच्या बशीत एक ठेवून द्यायचा. खा म्हणायचं नाही. लपवून द्यायचं नाही. फसवायचं तर अजिबात नाही. एकदा फसवलं तर बिस्किटही सोडेल."

"गोल कसे काढाचे?" वैशालीनं विचारलं.

"अवं, वाटीनं पुऱ्या पाडतो तसं," आजी म्हणाल्या, आणि औषधाच्या बाटलीचं स्वच्छ धुतलेलं झाकण जामाच्या फोडीवर दाबून त्यांनी पहिली गोल चकती पाडली.

ती चकती खुशीनं बशीसकट फेकली. दुसरी फेकली. गजानन रोज बाजारातून पिशवी भरून जाम आणायचा आणि शेजारच्या खाटांवरची पोरं ते खायची. दरम्यान सलाईनमधलं औषध आपलं काम करत होतं. एका सकाळी चादर बदलताना खुशी रडली नाही. मग तिनं एक पाय सरळ केला. दूधही पुन्हा पिऊ लागली, पण पेला हातात आल्यावर आधी वास घेऊन. आजींना घाई झाली होती. "एक बार तोंडात कोंबू का?" असं त्या मला विचारायच्या आणि माझं तोंड पाहून स्वतःच "नाई, नाई" म्हणायच्या.

घरी जायच्या वेळी खुशी खाटेची दांडी धरून उभी राहत होती. चकतीला मात्र अजून तिनं बोटही लावलं नव्हतं. सोबत गोळ्या दिल्या. त्या विरघळवून गालात सोडायच्या, ही रोजची रडारड वैशालीच्या नशिबी आली. निरोप घेताना आजी म्हणाल्या, "चकती ठेवत राह्यतो मी. तुम्ही सांगतलं न, म्हून." त्यांच्या आवाजात भरवसा काही नव्हता. खरं सांगायचं तर माझ्याही मनात फारसा नव्हता. अशा मुलांत किती प्रयत्न वाया जातात ते मी पाहिलेलं होतं.

होळी तोंडावर आलेली असताना एका दुपारी फोन आला. आजींचा आवाज इतका मोठा, की फोन कानापासून लांब धरावा लागला.

"मॅडम! खाल्लं!"

"काय खाल्लं?"

"मी पाठमोरी होती, कापूस निसून राह्यली होती. मांगून करकर करकर आवाज आला. म्या म्हनलं उंदीर शिरला सैंपाकघरात. वळून पायतो, त पोरगी जाम खाऊन राह्यली! अर्धी चकती खाल्ली, मॅडम. मी हाललीच नाई जाग्यावरून. हालली अन् फेकून देल्ली तर?"

"वैशाली कुठं आहे?"

"इथीच हाये. रडून राह्यली. थांबा, तिले देतो." पण फोनवर वैशालीचं रडणंच ऐकू आलं. मग फोन गजाननकडं गेला आणि तोही "हो मॅडम, हो" एवढंच म्हणत राहिला.

खुशी सगळं खायला लागली, असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. भाजीला ती शिवत नाही. बिस्किट, दूध, जाम, नंतर मुरमुरे आणि भाजलेले शेंगदाणे, एवढीच तिची दुनिया. जामाचा हंगाम नसतो तेव्हा गोळी द्यावीच लागते. बोलते अजूनही कमीच. तिच्यासाठी खास शिक्षिका शोधण्यात त्या घराची बरीच धावपळ चाललेली असते, आणि सगळं सुरळीत होईल असं आश्वासन मी त्यांना कधी दिलं नाही. पण गल्लीतल्या बायका वैशालीला आता काही ऐकवत नाहीत. आजीच ऐकवू देत नाहीत. कुणी 'लाडावलेली' म्हटलं, की त्या म्हणतात, "तुले समजते का त्यातलं? बस, मी सांगते." मग सांगायला लागल्या, की शेळीपासून सुरुवात होते.

मी निवृत्त व्हायच्या थोडं आधी ते सगळे तपासणीला आले होते. डॉक्टरांनी खुशीचे पाय दाबून पाहिले, हिरड्या पाहिल्या. नंतर रक्त घ्यायला दवाखान्यातल्या मावशीनं सुईचा ट्रे आणला मात्र, खुशीनं तो पाहिला आणि टेबलावरून उडी मारली. दार उघडंच होतं. ती बाहेर पडली आणि लांबलचक व्हरांड्यातून धावत सुटली. बाकांवरच्या माणसांचे पाय चुकवत, औषधाच्या खिडकीसमोरची रांग फोडत, पाठीवर वेणी आपटत. मावशी "पकडा, पकडा" म्हणून ओरडली. मीही अर्धवट उठले.

वैशालीनं माझ्या हाताला धरून मला खाली बसवलं. मग दाराच्या चौकटीत जाऊन ती व्हरांड्याच्या टोकाकडं बघत राहिली.

"पळू द्या मॅडम," ती म्हणाली. "पळू द्या तिले."